गाडी आखूड झाली, खर्च लांबला

रेल्वेगाडी बंद झाली की ओरड होते. तिचा मार्ग आखूड झाला तर फारसे कोणी बोलत नाही. नुकसान मात्र दर फेरीला होते.

आमच्या कुडपणला रेल्वे नाही. पोलादपूर, महाड करीत वीर स्टेशन गाठावे लागते. तेथे थांबणारी रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत जात असे. 2020 च्या टाळेबंदीनंतर ती पुन्हा सुरू झाली ती दिव्यापर्यंतच.

मंगळदास मार्केटचा गठ्ठा दादरला एकदा गाडीत चढला की वीरला उतरायचा. दिव्याला गाडी बदलायची म्हणजे लोकलची गर्दी, जिना, पुन्हा चढ-उतार. भिवंडीचा माल घेणाऱ्याला मात्र दिवा जवळ पडते. म्हणून प्रत्येकाने आपला हिशोब वेगळा मांडावा.

दर फेरीला वहीत चार रकमा लिहा: भाडे, हमाली, वाया गेलेल्या वेळेची मजुरी आणि मालाचा खराबा. महिनाअखेर बेरजेला गठ्ठ्यांच्या संख्येने भागा. टेम्पोचे भाडे त्याहून कमी पडत असेल, तर शेजारच्या दुकानदाराबरोबर भागीत माल मागवा.

आणि रेल्वेला अर्ज द्याल तेव्हा हीच वही जोडा. नुसत्या 'गैरसोय होते' या शब्दांपेक्षा आकड्यांना वजन असते.