बालकांचा खेळ आणि भक्तीचा पहिला पाठ

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात एक अवधूत यदुराजास आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. परंपरेने आपण त्या अवधूतास श्रीदत्तात्रेय मानतो. या गुरूंमध्ये पृथ्वी, वायू, आकाश व जल आहेत. मधमाशी, हरिण व मासा आहेत. आणि त्यांच्याच पंगतीत एक लहान बालकही आहे. मानापमानाची क्षिती नसलेले, स्वतःतच रमणारे ते मूल अवधूतास गुरुस्थानी वाटले. यातून दोन बोध निघतात. ईश्वराची ओळख उघड्या सृष्टीत होते, हा पहिला. आणि बालकाचे रमणे तुच्छ नव्हे, हा दुसरा.

आपल्या घरांत मात्र काय घडते? कपडे मळतील, मूल पडेल, अभ्यास बुडेल, म्हणून आपण त्यास घरात कोंडतो व स्वस्थ बसावे म्हणून हाती मोबाईल देतो. तेच मूल मंदिरात चुळबुळ करू लागले म्हणजे रागावतो. ज्याच्या अंगच्या चैतन्यास दिवसभर वाट मिळाली नाही, ते आरतीच्या वेळी शांत कसे राहील?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांतील ६० मिनिटे तरी ती जोमदार असावी, आणि पडद्यासमोर एका तासाहून अधिक बसू नये. सूर्यप्रकाशाने शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होऊन हाडे बळकट होतात, हेही सर्वविदित आहे. परंतु खेळाचा लाभ एवढाच नव्हे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हार सोसणे, पडलेल्या गड्यास हात देणे, हे संयमाचे व दयेचे पाठ उपदेशाने नव्हे, मैदानावरच अंगी बाणतात.

हे मर्म ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी जाणले होते. १९४५ साली बोर्डी येथे त्यांचे कार्य सुरू झाले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. पुढे कोसबादच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच ‘कुरणशाळा’ भरू लागली.

आपल्या संतांनीही खेळ व भक्ती यांत भिंत उभारली नाही. तुकोबारायांनी विटीदांडू, फुगडी, हुतुतू अशा खेळांवर अभंग रचले. वारीच्या वाटेवर वृद्ध वारकरीही फुगडी घालतात. गोकुळातील श्रीकृष्णाने सवंगड्यांसह शिदोरी सोडली ती रानातच. तिचेच स्मरण आपण गोपाळकाल्यात करतो.

भोपाळात तर मोठा तलाव आहे, श्यामला टेकडी आहे. वैशाखात ऊन कडक असते, म्हणून सकाळ वा सायंकाळ निवडावी. पण नित्य एक तास तरी मुलास मोकळे सोडावे. गणेशचतुर्थीच्या दूर्वा बाजारातून आणण्याऐवजी त्यालाच शोधून खुडू द्याव्यात. आरतीपूर्वी घटकाभर मंदिराच्या अंगणात मुलांचा खेळ मांडावा आणि वडीलधाऱ्यांनी तो कौतुकाने पाहावा. ज्याने स्वहस्ते दूर्वा वेचली, त्याला ती देवास वाहताना हात जोडण्यास सांगावे लागत नाही.