शंका-समाधान : सिम्युलेशनमध्ये स्थिर, हवेत थरथर

प्रश्न : आम्ही तिघे इंटर्न चार पंख्यांच्या ड्रोनचं फ्लाइट कंट्रोल सॉफ्टवेअर करतोय. सिम्युलिंकच्या मॉडेलमध्ये ड्रोन अगदी स्थिर राहतो. तेच गेन खऱ्या ड्रोनवर चढवले की तो थरथरतो, मोटरी तापतात. मॉडेलच चुकलं का? – विद्यार्थी, पुणे

उत्तर : चुकलं नाही, अपुरं आहे. पहिला संशय पीआयडीतल्या ‘डी’वर घ्या. तो बदलाच्या वेगावर चालतो. पंख्यांचं कंपन जायरोच्या वाचनात मिसळलं, की डी तेच कंपन वाढवून मोटरींकडे पाठवतो. तुमच्या मॉडेलमधला जायरो बहुधा निर्मळ असणार. त्यात नॉइज घाला. मोटरही हुकूम मिळताच त्या वेगाला पोचत नाही, तिला काही मिलिसेकंद लागतात. नॉइज दाबायला फिल्टर कडक केला तर विलंब वाढतो आणि विलंबानेही ड्रोन डोलू लागतो. या ओढाताणीतून मार्ग काढणं हेच खरं कंट्रोल इंजिनिअरिंग. बॅटरी उतरताना जोर कमी होतो, तेही मांडा.

एवढं केल्यावर जुन्याच गेनवर मॉडेल चालवा आणि खऱ्या उड्डाणाच्या लॉगशेजारी त्याचा आलेख ठेवा. मॉडेलमध्ये तशीच थरथर दिसेपर्यंत गेनला हात लावू नका. नंतर आधी कोनीय वेगाचं लूप, मग कोनाचं, शेवटी स्थानाचं, याच क्रमाने ट्यून करा. आतलं लूप डळमळीत असताना बाहेरचं सुधारत बसण्यात आठवडे वाया जातात. आणि टेबलावर मोटरी फिरवून बघताना पंखे काढूनच ठेवा, बोटं कापतात.

प्रश्न : मुलीच्या इंटर्नशिपचे दोन महिने लॅपटॉपपुढेच गेले, ड्रोन हातात दिलाच नाही. यात शिकणं ते काय? – एक पालक, नाशिक

उत्तर : बरंच आहे. अर्डूपायलट किंवा पीएक्स४ या मुक्त प्रणालींमध्ये बोर्डावर चालणारा फ्लाइट कोडच लॅपटॉपवर चालवता येतो. जीपीएस मध्येच बंद पाडणं, जोराचा वारा सोडणं, उडता उडता मोटर मारणं, हे खऱ्या ड्रोनवर रोज कोण करून बघेल? तिने हे प्रसंग स्वतः घडवून कोड सावरला असेल, तर काम खरं आहे. पीएक्स४ ज्यातून वाढलं तो पिक्सहॉक प्रकल्पही 2008 मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केला होता.

तुमची तक्रार एका बाबतीत मात्र रास्त आहे. स्वतःचा कोड प्रत्यक्ष उडताना तिला बघायला मिळालाच पाहिजे. शेवटच्या पंधरवड्यात एक उड्डाण आणि त्याचा लॉग, एवढं तिने मार्गदर्शकांकडे आत्ताच मागून घ्यावं.