शासकीय नोकरी आणि मॅरेथॉन : युकी कावाउची यांचा राजीनामा

१६ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा गारठवणारा पाऊस पडत होता आणि समोरून जोराचा वारा होता. आदल्या वर्षीचे विजेते, केनियाचे जेफ्री किरुई, पुष्कळ पुढे निघून गेले होते. अखेरच्या टप्प्यात त्यांना गाठून एक जपानी धावपटू २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. हे धावपटू म्हणजे युकी कावाउची. सैतामा या प्रांताच्या शासनाचे ते कायम कर्मचारी असून शासकीय शाळेच्या कचेरीत काम करीत होते. त्यांच्यापूर्वी ही शर्यत जिंकणारे जपानी पुरुष तोशिहिको सेको. ती गोष्ट १९८७ ची, म्हणजे कावाउचींच्या जन्मवर्षाची.

या विजयानंतर मायदेशी परतताच त्यांनी जाहीर केले की, मार्च २०१९ अखेर आपण नोकरी सोडणार असून एप्रिलपासून पूर्णवेळ धावणार आहोत. नोकरी आणि क्रीडा यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्यांनी हा निर्णय बारकाईने पाहावा असा आहे. कारण तो नोकरीला कंटाळून घेतलेला नव्हता, आणि घाईचा तर मुळीच नव्हता.

जपानमध्ये लांब पल्ल्याचे धावपटू बहुधा मोठ्या कंपन्यांच्या संघांत असतात. ते कंपनीचे नोकर म्हणवतात. परंतु त्यांचे मुख्य काम धावणे हेच असते. प्रशिक्षक, निवास, प्रवास यांची सोय कंपनी पाहते, आणि १ जानेवारीच्या सांघिक टप्पा-शर्यतीत कंपनीचे नाव राखणे ही त्यांच्याकडून अपेक्षा असते. कावाउची या व्यवस्थेत कधीच नव्हते. शाळेत असताना अतिसरावाने त्यांना वारंवार दुखापती झाल्या. गाकुशुइन विद्यापीठात मात्र त्यांना मोजक्या सरावाची पद्धत लाभली. आठवड्यातून दोनच कठोर सराव करावयाचे, एक वेगाचा व एक लांब पल्ल्याचा. बाकी दिवस संथ धावावयाचे. २००९ साली पदवी घेऊन ते प्रांतिक सेवेत दाखल झाले.

प्रथम त्यांची नेमणूक सायंकाळच्या वर्गांच्या शाळेत झाली. तेथे कामाची वेळ दुपारी पाऊण ते रात्री सव्वानऊ. सराव दिवसातून एकदाच आणि तोही सकाळी. महिन्याला सुमारे ६०० किलोमीटर धावणे होई, तर कंपन्यांच्या संघांतील धावपटूंचा आकडा हजाराच्या आसपास असतो. ही तूट त्यांनी शर्यतींनीच भरून काढली. सुटीच्या दिवशी कोठे ना कोठे मॅरेथॉन धावावयाची आणि तोच लांब पल्ल्याचा सराव समजावयाचा. दोन मोठ्या शर्यतींत काही महिन्यांचे अंतर असावे, हा जाणकारांचा नियम त्यांनी जवळजवळ मोडीतच काढला. खर्च स्वतःचा, दिवस रजेचे. २०१३ च्या आरंभी इजिप्तच्या शर्यतीला निघताना ते पारपत्र घरीच विसरले व विमान चुकले. तेव्हा पदरच्या पैशाने दुसरे तिकीट काढून ते तेथे पोहोचले आणि शर्यत जिंकून आले! हिशेबी माणसाला हा व्यवहार पटणार नाही. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये सेऊल येथे त्यांनी २ तास ८ मिनिटे १४ सेकंद ही वेळ दिली.

खरी अडचण येथूनच सुरू झाली. ही वेळ पुढील पाच वर्षे सुधारली नाही. २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळाले, शर्यती मागून शर्यती झाल्या, पण घड्याळ पुढे सरकेना. जपानच्या १९५० च्या स्थानिक लोकसेवा कायद्यानुसार परवानगीवाचून अन्य मोबदल्याचे काम करण्यास कर्मचाऱ्याला मनाई आहे. त्यामुळे पुरस्कर्ते मिळवून सवड विकत घेण्याचा मार्गही बंद होता. सकाळचे ते दोन तास त्यांनी पिळून काढले होते. आणखी काही मिळवावयाचे तर दुसरा सराव, उंच प्रदेशातील शिबिरे आणि विश्रांती हवी, आणि या तिन्ही गोष्टी मागतात ती एकच वस्तू : वेळ. बोस्टनचे दीड लाख डॉलरचे पारितोषिक हाती आले होते हे खरे. तथापि पैसा हे निमित्त होते, कारण नव्हे, असे आम्हांस वाटते.

राजीनाम्यानंतर एका विमा कंपनीने त्यांना पाठबळ दिले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बिवा सरोवराच्या शर्यतीत त्यांनी २ तास ७ मिनिटे २७ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. आठ वर्षांनी ४७ सेकंद! वय चौतिसाला टेकले होते. मात्र हे सारे श्रेय राजीनाम्याच्या पदरात टाकणे योग्य होणार नाही. त्या दिवशी हवा अनुकूल होती. केंगो सुझुकी यांनी २ तास ४ मिनिटे ५६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याच शर्यतीत केला आणि कावाउची दहावे आले. नव्या प्रकारच्या बुटांनीही त्या काळात सर्वांच्याच वेळा खाली आणल्या होत्या.

आपल्याकडे प्रवाह उलट दिशेने वाहतो. राज्याच्या सेवेत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि गुणी धावपटूचे घर बहुधा नोकरीकडेच डोळे लावून बसलेले असते. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर रेल्वेच्या सेवेत राहून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या आणि पुढे राज्याच्या महसूल सेवेत रुजू झाल्या. कोरडवाहू भागातील मुलीला पगाराचा आधार म्हणजे काय, हे शिक्षकांना सांगावयास नको. तेव्हा एखादा तरुण कर्मचारी धावण्यासाठी राजीनामा देतो म्हणाला, तर त्याला शाबासकी देण्यापूर्वी किंवा वेड्यात काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हाती असलेला वेळ पुरता वापरून झाला आहे काय? वेळ किती वर्षे थबकली आहे? आणि मोकळ्या झालेल्या तासांत नेमके काय करणार? कार्यालयप्रमुखाच्या हाती असलेली चौथी गोष्ट याहून सोपी आहे : पाळी बदलून सकाळ मोकळी करून देता येते का, एवढेच पाहावयाचे.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी तोकियो येथे पॅरिस ऑलिंपिकसाठी निवड शर्यत झाली. पाऊस बोस्टनसारखाच होता. छत्तीस वर्षांचे कावाउची सुरुवातीपासून एकटेच पुढे निघाले आणि सुमारे ३५ किलोमीटरपर्यंत पुढेच राहिले. मग मागचा घोळका आला. निश्चित निवड पहिल्या दोघांची होणार होती. ते २ तास ९ मिनिटे १८ सेकंदांत चौथे आले.