भाताची गाद : चंदेरी पोंग्याच्या आत कोण असते?



आपल्या बेळगाव-खानापूर भागात भात पिकवणारी घरे पुष्कळ. म्हणून या अंकात आम्ही भाताच्या एका किडीचा पाठ देत आहोत.

पावसाळ्यात भाताच्या चुडात कधी कधी एखादी फिकट, चंदेरी नळी दिसते. ती कांद्याच्या पातीसारखी पोकळ असते. तिला चंदेरी पोंगा किंवा गाद म्हणतात. ती करणारी कीड म्हणजे गादमाशी. शास्त्रीय नाव ओर्सिओलिया ओरायझी. ही माशी डासाएवढी असून मादीचे पोट तांबूस असते.

मादी पानांवर अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि पानावरील ओलाव्यातून सरपटत बुडाशी असलेल्या कोंबापर्यंत पोचते. ती तिथे खाऊ लागली की कोंबाची नेहमीची वाढ थांबते व अळीभोवती पोकळ नळी तयार होते. म्हणजे झाड स्वतःच शत्रूला घर बांधून देते! पुढे कोष नळीच्या टोकाशी भोक पाडतो आणि माशी उडून जाते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही.

आता मुख्य मुद्दा. नळी आपल्याला दिसते तेव्हा अळीचे खाणे बहुधा संपलेले असते. त्या वेळी औषध मारून गेलेला फुटवा परत येत नाही. उलट, गादमाशीच्या अळीवर जगणारी प्लॅटिगॅस्टर नावाची बारीक गांधीलमाशी, म्हणजे शेतकऱ्याची मित्र, त्यात मरू शकते.

मग उपाय काय? लावणी वेळेवर करावी, बांधावरचे देवभात व गवत आधीच काढावे, कीड न लागणारे वाण निवडावे. मात्र एकाच वाणावर विसंबू नये. फाल्गुना हे असेच वाण आंध्रात सर्वत्र लावले गेले. १९८६ च्या सुमारास तेथे त्यालाही लागणारी गादमाशी आढळली.

करून पहा :
१. पालकांबरोबर शेतात जाऊन २० चूड तपासा. किती चुडांत चंदेरी नळी आहे?
२. नळीच्या टोकाशी भोक आहे का? असल्यास माशी निघून गेली आहे.
३. भोक नसल्यास नळी उभी चिरा आणि आत काय दिसते त्याचे चित्र काढा.

पालकांनी ही नोंद रयत संपर्क केंद्रात दाखवावी आणि मगच औषधाचा विचार करावा, ही विनंती.