बालकांमधील अ‍ॅलर्जी : समज व प्रतिबंध
निरुपद्रवी पदार्थास शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू मानते, तेव्हा अ‍ॅलर्जी उद्भवते. या भीतीपोटी शेंगदाणा उशिरा देण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. लंडन येथील ६४० अर्भकांच्या अभ्यासाने २०१५ मध्ये उलटेच दाखविले : अधिक जोखमीची जी बालके चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित खात होती, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून आम्ही पालकांस सुचवितो : सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले, की अगदी बारीक वाटलेले दाणे पेजेत कालवून द्यावेत, अख्खा दाणा घशात अडकतो, तो देऊ नये. तीव्र इसब वा अंड्याची अ‍ॅलर्जी असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. ओठ सुजल्यास वा धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.