शनिवारचा बंद घाणा

वाचावयाचे शास्त्रभाग : यिर्मया २९:४-७, रोमकरांस पत्र १२:१४-१८



ज्या गावी निरनिराळ्या धर्मांची माणसे शेजारी शेजारी राहतात, तेथे शांती कशी टिकते, हा आजच्या पाठाचा विषय आहे. ह्याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. आपला रायगडचा किनारा ते देतो.

बेने इस्राएल लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले, आणि केवळ सात पुरुष व सात स्त्रिया वाचली. त्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले, तरी शब्बाथ, सुंता, अन्नाचे नियम व एकाच देवाची साक्ष देणारी शेमा प्रार्थना ही त्यांनी सोडली नाहीत.

पुढे त्यांच्यातील पुष्कळांनी तेल गाळण्याचा धंदा धरिला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ह्या नावात एक मोठा धडा आहे. शेजाऱ्यांनी त्यांचे वेगळेपण ओळखिले, परंतु घाणा चालू ठेवण्याची सक्ती केली नाही. त्यांनीही शेजाऱ्यांची मराठी आपली मानिली. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून त्यांची आडनावे झाली. आणि त्यांच्या मलिद्याच्या ताटात कोकणचे पोहे, नारळ व गूळ आले. भाषा गावाची, उपासना मात्र स्वतःची, अशी त्यांची रीत होती.

आता ख्रिस्ती लोकांविषयी पाहू. १८३२ साली रेव्हरंड जॉन विल्सन ह्यांचे हिब्रू व्याकरण मराठीत प्रसिद्ध झाले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, व त्यांच्यातील काही जण तेथे शिक्षकही झाले. जुना करार मराठीत आल्यावर पूर्वजांचे शास्त्र त्यांस मायबोलीत वाचता आले. हे लोक ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांची आशा होती. परंतु फारच थोडे झाले. बाकीचे आपला धर्म अधिक समजून पाळू लागले.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. तहानेल्यास पाणी देताना त्याची पंगत कोणती हे आपण विचारीत नाही. उपदेशक बंधूंनो, शेजाऱ्याचे हित करिताना त्याने आपल्याकडे यावे अशी अट मनात असेल, तर ती प्रीती नव्हे, तो सौदा होय. अट कळली की शेजारी दुरावतो, आणि गावाची शांती तेथेच भंगते. तसेच शांतीसाठी आपली प्रार्थना लपवावी, असेही नाही. बंद घाण्याने कोणाची शांती मोडली नाही.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएल देशी गेली. ती येथील छळास कंटाळून गेली नाहीत. तेथेही त्यांनी मराठी जपिली. अलिबागच्या इस्राएल आळीत त्यांचे सभास्थान अजून उभे आहे. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांस परक्या नगराचे हित चिंतावयास शिकविले. हे तर आपलेच गाव आहे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या शेजाऱ्याचा ‘शनिवार’ कोणता, हे आपणांस ठाऊक आहे काय?
२. त्या दिवशी आपण त्याची कोणती सोय करू शकतो?
३. आपण केलेल्या कोणत्या उपकारामागे अट दडली आहे?