संकल्प खाचरात कसा उतरावा ?

यंदा भाताचे उत्पन्न वाढवावयाचेच, असा निश्चय पुष्कळ शेतकरी उन्हाळ्यात करतात. मृगाचा पाऊस पडला की कामाच्या घाईत तो विरून जातो. याला केवळ आळस कारण असतो असे नाही. उत्पन्न पावसाच्या व किडीच्याही स्वाधीन असते. शेतकऱ्याच्या हाती असते ते काम. संकल्प पोत्यांचा न करता कामांचा करावा, हे बरे.

कांदिवली-बोरिवलीच्या शिवेवरील कोरा ग्रामोद्योग केंद्रात भातलागवडीच्या जपानी पद्धतीचे प्रयोग झाले आणि 1953 साली तिची मोहीम देशभर निघाली. आज त्या परिसरात इमारती उभ्या आहेत. मोहिमेचा धडा मात्र जुना झालेला नाही. गादीवाफ्यावरील रोपे, मोजके बियाणे, भरपूर खत, ओळीतील लावणी व कोळपणी अशी ती साखळी होती. अनेकांनी त्यांतील सोयीची कडी तेवढी उचलली. खत घातले, पण लावणी पूर्वीसारखीच केली. ओळ नसेल तर कोळपे फिरत नाही, आणि घातलेले खत तणही खाते.

आता 10 गुंठ्यांचे एकच खाचर घ्यावे. सगळ्या शेतावर एकदम हात घालणारा बहुधा मध्येच थांबतो. दोन्हीकडे 25 सेंटिमीटर अंतर धरल्यास गुंठ्याला सुमारे 1600, म्हणजे या खाचरात 16,000 चूड लावावे लागतील. हा आकडा वैशाखातच कळला, तर सावड कोणाकोणाशी करावयाची ते वेळेवर ठरते. खुणा केलेली दोरी व कोळपे पावसापूर्वी घरात हवे. लावणीच्या दिवशी दोरी शोधत बसणाऱ्याच्या खाचरात जुनीच पद्धत परत येते !

पावसाने ओढ दिली तर काय करावे, हेही आधीच ठरवावे. रोपे जून झाली तर त्यांना फुटवे कमी येतात. तेव्हा दर चुडात 2-3 ऐवजी 4-5 रोपे लावावीत, परंतु ओळ मोडू नये.

ग्रामसेवकाने "कराल ना ?" असे विचारल्यास "हो" एवढेच उत्तर मिळते. खाचर कोणते, दोरीची टोके कोण धरणार, शेणखत बांधावर कोणत्या दिवशी पडणार, असे विचारून शेतकऱ्याच्याच वहीत त्याच्याच हाताने लिहवून घ्यावे. पुढील भेटीत प्रथम ती वही उघडावी.